नमस्कार, बनुबाई

१

सकाळची भांडी पालथी घालून झाली की शकुंतलाकाकूंची फेरी निघायची. हातात काहीतरी निमित्त असायचंच. कधी वाटीभर विरजण, कधी कढीपत्त्याची डहाळी. साताऱ्याच्या कडेला, जिथून अजिंक्यतारा अर्धाच दिसतो, तिथं निवृत्त फौजींनी बांधलेली ती घरांची ओळ. कुणाच्या सुनेला कितवा महिना, कुणाच्या कपाटाची किल्ली कुठल्या डब्यात, कुणाकडं काल आवाज चढले होते, सगळं काकूंना तोंडपाठ. लोक पाठीमागं हसायचे. पण कुणाला ताप आला तर पहिली पेज काकूंच्याच घरून जायची, म्हणून तोंडावर कुणी काही बोलत नसे.

त्यांचे यजमान चिंतामणराव मात्र फौजी नव्हते, एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी स्टँडवर माइकपुढं गेली. नोकरी संपली, पण गळा काही निवृत्त झाला नाही. संध्याकाळी चहाची वेळ टळली आणि बायको घरात दिसेना, की ते अंगणातल्या भिंतीशी येऊन थेट घोषणाच करायचे.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं! सौभाग्यवती शकुंतला चिंतामण या जिथं कुठं असतील, तिथून त्यांनी ताबडतोब आपल्या फलाटावर यावं!"

सगळी ओळ हसायची. "आले, आले!" करत काकू कुणाच्या तरी दारातून पदर खोचत निघायच्या. बहुतेक वेळा ते दार बनुबाईंचं असायचं.

बनुबाई म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या शेवटच्या घरातली म्हातारी. मूळ कुंडलची. नवरा, नाथाजी, फौजेत सुभेदार. हे घर बांधून झालं आणि राहायला यायच्या आधीच ते गेले. मुलगा ऋषिराज, तोही फौजेत, लांब वर बर्फात. म्हातारी एकटी. काकू सोडल्या तर तिच्याकडं कुणी जात नसे. भांडण नव्हतं कुणाशी. विसर पडला होता, एवढंच.

त्या दिवशी काकू गेल्या तर देवासमोर पाटावर एक खोकं ठेवलेलं.

"हे काय, मावशी?"

"ऋषानं फोन धाडलाय. परवाच आलाय."

"आणि परवापासून उघडला नाहीत?"

"हळद-कुकू नगं व्हय लावाय? मी कशी लावू?" बनुबाईंनी कोऱ्या कपाळावरचा पदर पुढं ओढला. "तू लाव. तुझ्या हातानं होऊ दे समदं."

"हे असलं काही नसतं हो आता," काकू म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण करंडा घेतला, खोक्याला बोटं लावली, खोकं उघडून फोनच्या पाठीलाही लावली. म्हातारीच्या चेहऱ्यावर इतकं समाधान उतरलं की काकूंना वाटलं, चला, आजची फेरी सत्कारणी लागली.

२

काकू नववी शिकलेल्या. पण फोनच्या बाबतीत ओळीत त्यांचाच शब्द चालायचा. लेक ज्ञानदा सांगलीला नोकरीला. तिनं आईला व्हिडिओवरून सगळं शिकवलं होतं. ओळीतल्या निम्म्या फोनांत काकूंनीच खाती उघडून दिली होती. कुणाचा अंगठा उठला नाही तर स्वतःचं बोट टेकवायचं, नंतर बघू म्हणायचं, आणि ते नंतर कधी यायचं नाही. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

खिडकीखाली बसून त्यांनी फोन चालू केला. भाषा मराठी. नाव विचारलं, ते घातलं. जन्मतारखेला बनुबाई म्हणाल्या, "बेंदराच्या टायमाला, एवढंच ठावं." मग आधारकार्डावरची घातली. मग फोन म्हणाला, बोट ठेवा.

बोट काही उठेना. जन्मभर उसाचा पाला काढलेली, चुलीत लाकडं सारलेली बोटं. काकूंनी ती ओल्या फडक्यानं पुसली, खोबरेल लावून बघितलं, फुंकर मारली. फोन आपला म्हणतोय, पुन्हा प्रयत्न करा.

"ऱ्हाऊ दे," बनुबाई म्हणाल्या. "हापिसातबी असंच हुतंय. दाबून दाबून बोट दुखाय लागतंय."

"चेहरा चालतो. इकडं बघा. पदर घ्या मागं."

फोनवर एक गोल आला. तुमचा चेहरा गोलात आणा, खाली लिहिलेलं. गोलात बनुबाई स्वच्छ दिसत होत्या. नाकातल्या चमकीच्या जुन्या भोकासकट. पण कडेची रेघ हिरवी होईना. चेहरा दिसत नाही, फोन म्हणाला. काकूंनी काच पुसली. खिडकी सताड उघडली. म्हातारीची हनुवटी धरून मान इकडं वळव, तिकडं वळव. चेहरा दिसत नाही.

"आंधळा हाय का काय हा?" बनुबाई हसल्या.

"थांबा, मी बघते," म्हणून काकू शेजारी वाकल्या. त्यांचा चेहरा कडेनं गोलात आला मात्र, रेघ सरसर हिरवी होत फिरली, आणि फोन किणकिणला. मोठ्या अक्षरांत आलं, आणि आतल्या बाईनं गोड आवाजात वाचूनही दाखवलं.

"खातं तयार झालं. नमस्कार, बनुबाई."

"ओ," काकू म्हणाल्या.

कुणी बोलावलं की तोंडातून जातं तसं ते गेलं. दोघी एकमेकींकडं बघून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

"पुसते आणि तुमचा घालते परत."

"कशाला? तू न्हाईतरी रोज येतीस. तुझाच असू दे." म्हातारी हसायची थांबली होती. "बोटबी तुझंच लावून टाक."

काकूंनी बोट ठेवलं. एका दमात उठलं.

३

ऋषिराजनं फोन धाडला होता तो हयातीच्या दाखल्यासाठी. दर साली बनुबाईंना रिक्षा करून जायचं, रांगेत बसायचं, उठत नसलेला अंगठा दाबायचा. आता घरबसल्या चेहरा दाखवला की झालं. माणूस जिवंत आहे एवढंच सरकारला कळवायचं.

काकूंनी सगळं नीट भरलं. गोल आला. बनुबाई पुढ्यात बसल्या, डोळे मिटले, उघडले, फोन म्हणेल तसं सगळं केलं. चेहरा दिसत नाही.

"मावशी, तुमचं तोंड ह्या फोनला आवडलेलं दिसत नाही."

"मग तू बस."

"अहो, हे काय फोनचं खातं आहे का? हे आधारच्या फोटोशी ताडून बघतं. मी कशी चालेन?"

"चाललं तर चाललं. न्हाई तर न्हाई."

गंमत म्हणूनच काकूंनी फोन स्वतःकडं वळवला. डोळे मिटले, उघडले.

हिरवी खूण आली. चेहरा जुळला. बनुबाई नाथाजी, हयात.

काकूंनी फोन चटकन पालथा ठेवला. बनुबाईंनी मात्र टाळी वाजवली. "झाले म्या जित्ती!"

"मावशी, हे बरोबर नाही."

"आगं, आधारवरला फोटू बघितलायस न्हवं माझा? त्यात मी हाय का म्हस हाय तेच कळत न्हाई."

हे मात्र खरं होतं. आधारवरच्या फोटोत कोण स्वतःसारखं दिसतं? चिंतामणराव तर त्यांच्या फोटोत हातभट्टीवाले दिसायचे. काकूंनी मनाची समजूत घातली आणि चहा टाकला. दोन कप भरले. गप्पा मारता मारता स्वतःचा संपवला. जायला उठल्या तेव्हा बनुबाईंचा कप तसाच होता, वर साय धरलेला. कालचाही तसाच मोरीत पडला होता. आणि परवाचाही.

तेवढ्यात फोन वाजला. ऋषिराज. काकूंनीच उचलला. पडद्यावर कानटोपी घातलेला, गालावर उन्हानं काळे डाग पडलेला तो उमदा पोरगा.

"आये! दिसतीय, दिसतीय. लय ब्येस फोन हाय की."

"अरे, मी शकूकाकू. आई ही बघ, इथं." काकूंनी फोन बनुबाईंकडं वळवला.

"आये, कुठं वळीवलास? भिंत दिसतीय नुसती. तोंडाम्होरं धर."

काकूंनी पुन्हा आपल्याकडं धरला.

"हां. आता कसं! बारीक झालीयास गं आये. जेवतीस न्हवं येळंवर?"

"ऋषिराज, अरे मी..."

"चेष्टा नगं आये. रेंज जाईल मधनंच. गोळ्या घे." आणि रेंज गेलीच.

काकूंनी फोन पाटावर ठेवला. बर्फातली रेंज, पडदा लहान, पोराला आईची आठवण झालेली. माणसाला जे बघायचं असतं तेच दिसतं. असं सगळं त्यांनी स्वतःला सांगितलं.

कोपऱ्यातून बनुबाई म्हणाल्या, "किती दिसांनी 'आये' म्हणला."

४

त्यानंतरची गोष्ट फारच किरकोळ होती. काकूंचा स्वतःचा फोन त्यांचं बोट घेईना.

भांड्याची नवी पावडर उग्र आहे, त्यांनी ठरवलं. बोटं उन्हात धरून बघितली तर शेंडे गुळगुळीत. जिथं बारीक रेघांची नक्षी असते तिथं नुसती कातडी, नदीतल्या गोट्यासारखी. चिंतामणरावांना दाखवली.

"वय झालं," ते म्हणाले. "आता तुझ्यावर कुठल्याच चोरीचा आळ यायचा नाही."

मग आमटी. "आज गूळ विसरलीस," चिंतामणराव म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याचा तांब्याच तोंडाला लावला. "अगं, जाळतेस का मला?" काकूंनी पाट्यावरचा खर्डा बघितला. लसूण, मिरची, खडे मीठ, जाडसर. असा खर्डा त्यांच्या माहेरी नव्हता की सासरी नव्हता. हाताला कसा आला?

ज्ञानदाचा फोन आला तर ती हसायलाच लागली. "आई, 'कवा येतीस' काय? अशी काय बोलतेस?"

"अगं, रोज मावशींपाशी बसते ना. लागतं वळण." आणि ते पटण्यासारखंच होतं. बीपीची गोळीही बदलली होती. बाईचं हे वयही असंच. कारणं शोधली की मिळतात. काकू रोज नवीन एक शोधायच्या.

एकाचं मात्र कारण सापडेना.

बनुबाईंच्या भिंतीवर नाथाजींचा हार घातलेला फोटो होता. फेटा, मिशा, छातीवर पदकं. काकूंनी त्या माणसाला आयुष्यात पाहिलं नव्हतं. तो या घरात राहिलाच नव्हता. त्या दिवशी त्या फोटोवरची धूळ पुसत होत्या आणि पुसता पुसता त्यांना आठवलं, की याला जेवताना ठसका लागला की हा डाव्या हातानं ताट गच्च धरायचा. जणू कुणी ओढून नेईल. आणि मग पाणी पिऊन झालं की आपल्याकडं बघून ओशाळं हसायचा.

आपल्याकडं.

फडकं त्यांच्या हातातून पडलं.

"मावशी, तुम्ही मला कधी सांगितलं होतंत का, हे जेवताना..."

"न्हाई," बनुबाई म्हणाल्या. काय विचारतेस, हेही त्यांनी विचारलं नाही.

काकू तडक घरी निघाल्या. आपल्याच अंगणात शिरल्या तर झोपाळ्यावर बसलेले चिंतामणराव अदबीनं उठून उभे राहिले. घरात मोठं माणूस आलं की उठावं, तसे. मग डोळे चोळून खाली बसले.

"छे! मला वाटलं बनुमावशीच आल्या." आणि ते हसले. काकू हसल्या नाहीत.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी बनुबाईंचा फोन पिशवीत टाकला आणि रिक्षा करून पोवई नाक्याकडं गेल्या. तिथं एका बोळात वीरधवल नावाचा दाढीवाला माणूस फोन दुरुस्त करायचा. ओळीतली सगळी त्याच्याकडंच जायची. काकूंना तो चांगला ओळखायचा. "काकू, आज कुणाचं कुलूप तोडायचं?" ही त्याची नेहमीची चेष्टा.

"बसा, आजी," तो म्हणाला. "उन्हाच्या एकट्याच आलात?"

काकूंनी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"वीरधवल, अरे मी..." पुढचं नाव तोंडात आलं आणि अडकलं. घशात भाकरीचा तुकडा अडकावा तसं. "ह्यातलं खातं काढून टाक. माझा चेहरा हाय त्यात. चुकून बसलाय. फोन दुसरीचा हाय."

स्वतःचे शब्द त्यांना लांबून ऐकू आल्यासारखे ऐकू आले.

वीरधवलनं फोन त्यांच्यासमोर धरला. किणकिण झाली. नमस्कार, बनुबाई.

"तुमचाच तर आहे आजी. नाव पण तुमचंच येतंय."

"माझं न्हाई ते नाव!"

शेजारच्या दुकानातल्या माणसानं मान काढून बघितलं. वीरधवलचा आवाज एकदम मऊ झाला. म्हाताऱ्या माणसांशी बोलताना होतो तसा. तो मऊपणा काकूंना थपडेसारखा लागला. त्या स्वतः बनुबाईंशी असंच तर बोलायच्या.

"हे बघा आजी. नुसता चेहरा काढता येत नाही. एक पुसायचा तर त्या जागी दुसरा घालावा लागतो. ज्यांचा फोन आहे म्हणता, त्यांना समोर बसवा, इथं दाबा, त्यांचा चेहरा घ्या. तुमचा आपोआप जाईल. घरीच होईल, दोन मिनिटांचं काम."

एवढंच? काकूंना रडू यायचं बाकी राहिलं होतं. एवढंच तर करायचं होतं! पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. आळस केला, हसण्यावारी नेलं.

येताना रिक्षात त्यांनी स्वतःचा फोन काढला. आकडे दाबून उघडला आणि ज्ञानदाला लावला. लेकीचा आवाज ऐकला की ताळ्यावर येऊ, असं वाटलं.

"ग्यानू..."

"कोण?" ज्ञानदा म्हणाली. मग तिलाच समजल्यासारखं झालं. "बनुआजी का? आईचा फोन तुमच्याकडं कसा? आई बरी आहे ना? द्या ना तिला."

काकूंनी फोन कानापासून काढला आणि छातीशी धरला. आत लेक "आजी, आजी" करत राहिली.

६

बनुबाईंच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत चूल थंड, माठावर पालथं भांडं. बाहेर टळटळीत दुपार असून घरात तेवढा उजेड नव्हता. म्हातारी आतल्या खोलीत घोंगडीवर भिंतीला टेकून बसली होती. मागं कांद्यांची वेणी टांगलेली.

"मावशी, उठा. तुमचा चेहरा घालायचाय."

"आता न्हाई जमायचं, पोरी."

"जमवायचंच! बघा इकडं!" काकू ओरडल्या. आयुष्यात त्या कधी म्हातारीवर ओरडल्या नव्हत्या. लगेच त्यांनाच वाईट वाटलं, त्या खाली बसल्या. "मावशी, मला काय होतंय ते तुम्हाला ठाऊक आहे. सांगा ना."

बनुबाईंनी त्यांच्या केसांवरून हात फिरवला. हाताला वजन नव्हतं. पदराचं टोक अंगावरून जावं तसा तो गेला.

"मला काय बी ठावं न्हाई. देवाशपथ. म्या कायबी केलं न्हाई. लय दिस झालं बग, माझी मलाच मी घावत न्हवते. बोट उठत न्हवतं. वाण्याच्या दुकानात हुबी ऱ्हायले तर मागल्याला इचारायचा, काय पायजे म्हणून. मला वाटायचं, म्हातारपण असंच असंल." तिनं दाराकडं बघितलं. "तू यायचीस. दारातनं हाक मारायचीस, मावशी, काय करता? तवा मी असायचे. तू गेलीस की पुन्ना न्हाई. तू यायचीस म्हनून मी हुते, शकू."

काकूंच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. तसंच त्यांनी फोन धरला. वीरधवलनं सांगितलं होतं तिथं दाबलं. नवीन चेहरा गोलात आणा.

गोलात घोंगडी होती. भिंत होती. कांद्यांची वेणी होती. एकेक कांदा मोजता यावा इतकी स्पष्ट. भिंतीला टेकून बसल्यानं जिथं तेलकट डाग पडला होता, तो डागही होता. त्या डागापुढं काही नव्हतं.

काकूंना फोन खाली घ्यायचा धीर होईना. फोन धरलेला होता तोवर त्यांना म्हणता येत होतं, की हा फोन आंधळा आहे. तो खाली घेतल्यावर काय दिसेल, ते त्यांच्या हातात नव्हतं. मनगट दुखायला लागलं. बाहेर कुठंतरी कुकर शिट्टी देत होता. कुणीतरी "अरे, दुधाची पिशवी आण" म्हणत होतं.

"मावशी?"

घोंगडीवरून काहीतरी सरकल्याचा आवाज आला. किंवा नुसता सुस्कारा.

काकूंनी फोन खाली घेतला.

घोंगडी. भिंत. कांदे. घोंगडीवर मधोमध माणूस बसून उठल्यावर राहते तसली खोलगट खूण. काकू बघत होत्या आणि ती खूण हळूहळू वर येत होती, लोकर सरळ होत होती, आणि मग तीही उरली नाही.

फोन किणकिणला. त्यांच्याकडं वळलेला होता ना.

"नमस्कार, बनुबाई."

७

"प्रवाशांनी लक्ष द्यावं!"

त्या कितीतरी वेळ तिथंच बसल्या असणार. भिंतीपलीकडून तो आवाज आला तेव्हा दारातलं ऊन तांबूस झालं होतं. काकू उठल्या. गुडघे धरूनच उठल्या. आले, आले, म्हणत भिंतीला हात लावत अंगणात आल्या. त्यांना एवढंच समजत होतं, की त्या आवाजापाशी पोचलं की सगळं मिटेल. ज्या माणसानं इतकी वर्षं शेकडो माणसांच्या गर्दीत नावानं हाका मारून माणसं जाग्यावर आणली, तो आपल्याला चुकवणार नाही.

"आले, आले!"

चिंतामणराव भिंतीवरून वाकून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर तेच मिश्कील हसू होतं. ते काकूंकडं वळलं आणि बघता बघता अदबीचं झालं.

"अहो मावशी, तुम्ही कशाला उठलात? तिला पाठवा. चहा राहिलाय माझा."

"आवं, म्याच हाय की! म्याच न्हवं का!"

"काय म्हणता?"

"म्या. तुमची..." नाव येईना. कितीही जोर लावला तरी येईना. काकूंनी भिंतीवरून नवऱ्याचा हात धरला, त्यांच्या तळव्यावरच्या जुन्या व्रणावरून अंगठा फिरवला, जसा रोज फिरवायच्या. चिंतामणरावांनी हात काढून घेतला नाही. ते चमकले मात्र. क्षणभर त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं, अगदी जवळून, अगदी आत.

मग ते वळसा घालून आले. कोपराला धरून त्यांना सांभाळून, एकेक पाऊल टाकायला लावत, आत घेऊन गेले. खाटेवर बसवलं. दिवा लावला. पाणी दिलं.

"बसा निवांत. आमची आली की पाठवतो. तिलाही तुमच्याशिवाय करमत नाही."

जाताना त्यांनी दार ओढून घेतलं.

८

रात्रभर ओळीतल्या सगळ्या दारांवर थापा पडल्या. सकाळी पोलीस येऊन गेले. सांगलीहून ज्ञानदा आली. चिंतामणराव घरोघर हिंडले आणि शेवटी या घरातही आले. एका दिवसात त्यांचा गळा बसला होता. त्यांनी फोन पुढं केला. त्यात औंधच्या यमाईच्या पायऱ्यांवर काढलेला फोटो होता. ते, आणि त्यांच्याशेजारी कपाळभर कुंकू लावलेली, मान वाकडी करून हसणारी एक बाई.

"मावशी, नीट बघा. शेवटची तुम्हीच पाहिली असेल हिला. काही बोलली का? कुठं जाते म्हणाली का?"

त्यांनी नीट बघितलं. ते पातळ कुठून घेतलं होतं ते त्यांना आठवलं. त्या दिवशी पायऱ्यांवर पाय भाजले होते ते आठवलं. पण तेही आता फोटोतल्या नाथाजींसारखं होत चाललं होतं, दुसऱ्या कुणीतरी सांगितल्यासारखं.

"लय चांगली हुती," एवढंच त्या म्हणाल्या. 'हुती' ऐकून चिंतामणराव ताडकन उठून गेले.

आता फेरीला कुणी निघत नाही. विरजण मागायला, कढीपत्ता द्यायला, दारातून हाक मारायला कुणी येत नाही. ओळीत डोकावणारी एकच बाई होती. दुपारी त्या दार मुद्दाम उघडं ठेवतात. रस्त्यावरून माणसं जातात, समोर बघत. वाणी मागच्या गिऱ्हाइकाला विचारतो, काय पाहिजे.

फोन तेवढा ओळखतो. ऋषिराज "आये" म्हणून हाक मारतो. तेवढा वेळ बरा जातो.

करंडा पाटावरच आहे. परवा त्यांनी उघडला. नवरा भिंतीपलीकडं धडधाकट आहे, खोकतोय, त्याच्या खाटेची करकर ऐकू येतेय. मग कपाळ कोरं का ठेवायचं? बोट कुंकवात बुडवलं, वर नेलं. भिंतीवरच्या फेटेवाल्याकडं नजर गेली, आणि हात आपसूक खाली आला. बोट पदराला पुसलं.

संध्याकाळ झाली की अजूनही आवाज येतो. बसलेला, चिरका, पण शब्द तेच. प्रवाशांनी लक्ष द्यावं. सौभाग्यवती शकुंतला चिंतामण या जिथं कुठं असतील. आता ओळीत कुणी हसत नाही. खिडक्या लावून घेतात.

त्या खाटेवरून, जेवढा जोर उरलाय तेवढा लावून म्हणतात, "आले, आले!"

पलीकडं क्षणभर सगळं थांबतं.

"बाबा," ज्ञानदाचा आवाज, "ओ कोण देतंय?"

"कुणी नाही गं. बनुमावशी," चिंतामणराव म्हणतात. "बिचारीला वाटतं, तिलाच बोलावतोय."